शुक्रवारचं पाणी

ऑक्टोबर आला की मला पाण्यात डोकावायची खोड लागते. बादली असो, ताकाचं पातेलं असो, पाहुण्यांसमोर ठेवायचा ग्लास असो, मी आधी वाकून बघते आणि मगच उचलते. नवरा दर वर्षी विचारतो, "काय पडलंय त्यात?" काही पडलेलं नसतं. ठाण्यातल्या आमच्या नवव्या मजल्यावर पाणी आपलं गुमान बसलेलं असतं. मी त्याच्यावर काटा आलाय का ते बघत असते. हे त्याला किती वेळा सांगितलं, पण तो पडला पुण्याचा. पुण्याच्या माणसाला भिवंडी सांगायची म्हणजे मुळापासून सुरुवात करावी लागते, आणि मला मेलीला मधूनच बोलायची सवय.

बरं, मुळापासून.

आमचं घर भिवंडीत, बैठं, कौलारू, मागे अंगणाचा लांबट पट्टा. पट्ट्याच्या पलीकडे शेजारच्या हमीदाखालाच्या घरचा कारखाना. भिवंडीत कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यात ओळीने मांडलेले यंत्रमाग. आमच्या अंगणाची मागची भिंत ही त्या शेडचीच भिंत. दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका, खटाखट, खटाखट. नव्या माणसाला वाटायचं डोक्यात कोणी खिळे ठोकतंय. आम्हाला काही वाटायचं नाही. आम्ही त्यातच जेवलो, झोपलो, पाढे पाठ केले. फक्त सगळे ओरडून बोलायचो. डोंबिवलीची मावशी राहायला आली की पहिल्या दिवशी घाबरायची. "अगं, भांडण झालंय का तुमचं?" भांडण कसलं, चहात साखर किती ते चाललेलं असायचं.

आणि शुक्रवारी सकाळी पाळी सुटली की माग थांबायचे. आठवड्याची सुट्टी. बाप रे, ती शांतता! घड्याळ ऐकू यायचं. बाबांचं पोहे चावणं ऐकू यायचं. पाचव्या घरातलं मूल शिंकलं तरी कळायचं. आपलाच आवाज आपल्याला परका वाटून सगळी गल्ली कुजबुजत बोलायला लागायची. आम्ही शुक्रवारी जरा बिचकूनच असायचो.

आईचा शुक्रवारी उपास असायचा. आणि शुक्रवारी आई तुटक वागायची. हाक मारली तर ओ देत नसे, विचारलं तर भलतीकडे बघत बसे, मध्येच कपाळाला आठी. बाबा म्हणायचे, "उपाशीपोटी पित्त चढतं तिला. शुक्रवारी तिच्या वाटेला जाऊ नका." आम्ही जात नव्हतो. कित्येक वर्षं आमच्या घरात ही पक्की समजूत होती की आईला शुक्रवारी पित्त होतं. आज हसू येतं, पण आमच्या गल्लीत कोणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

मी आठवीत होते त्या वर्षीची ही गोष्ट. पाऊस नुकताच गेला होता. अंजूरकडची भातं पिवळी पडायला लागली होती आणि रिक्षातून जाताना त्यांचा कोंदट गोड वास यायचा. गावात मात्र वास सायझिंगच्या खळीचा, म्हणजे मागावर चढवायच्या सुताला जी पेज लावतात तिचा. पावसाळाभर ओला होऊन बसलेला कापसाचा भुरा ऑक्टोबरच्या उन्हात वाळून परत उडायला लागायचा. तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, कोळ्याच्या जाळ्यांवर पांढरी लव. आई शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायची. सहामाही परीक्षा चालली होती. वार शुक्रवार. एक चिमुरडी आईच्या खुर्चीमागे उभी राहून रडत होती, "बाई, घरी जायचंय, बाई, घरी जायचंय," आणि आई शांतपणे पाट्या तपासत होती. मोठ्या बाईंनी दारातून पाहिलं. त्यांनी पोरीला उचललं आणि संध्याकाळी बाबांना निरोप धाडला.

ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं ते ऐकून बाबा खुर्चीत मागे टेकले. कानातलं एक बारीक हाड हळूहळू घट्ट होत चाललंय. हे आजचं नाही, बरीच वर्षं चाललंय. मग आम्हाला कळलं कसं नाही? डॉक्टर म्हणाले, "तुम्ही भिवंडीचे ना? तुम्ही सगळे ओरडून बोलता. गोंगाटात यांना बरं ऐकू येत असणार. शांततेत माणसं आवाज खाली आणतात, तेव्हा यांना काही ऐकू येत नाही."

म्हणजे शुक्रवार. म्हणजे पित्त नव्हतंच कधी. शुक्रवारी आमची आई बहिरी व्हायची आणि शनिवारी माग सुरू झाले की परत आमच्यात यायची. ही गोष्ट मला तेव्हा इतकी अद्भुत वाटली की वाईट वाटायचंही राहून गेलं. ते नंतर वाटलं, एसटीत. आई खिडकीशी बसली होती. कशेळीची खाडी आली, गेली, तिने तोंड वळवलं नाही. मग एकाएकी बाबांना म्हणाली, "दिवाळीनंतर मी शाळेत जाणार न्हाय." आई गणेशपुरीकडची. एरवी शिक्षिकेची भाषा बोलायची, पण पोटातून काही आलं की ते तिच्या गावच्या बोलीत यायचं.

डॉक्टरांनी यंत्र दिलं होतं. काडेपेटीहून जरा मोठी डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बोंड. आईने ते एका दुपारी लावलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसली. "अहो काढा, काढा! अख्खा कारखाना शिरला डोक्यात!" माणसांचा आवाज वाढायचा त्याहून मागांचा आवाज वाढत होता. ते यंत्र बटणांच्या डब्यात गेलं ते गेलंच.

खरी भीती वाटली ती पुढे. आईने "काय?" विचारणं सोडलं. आधी ती विचारायची, "काय म्हणालीस? परत सांग." आता ती नुसती हसायची. मी म्हटलं, "आई, गणितात कमी पडले," तरी हसली. ते हसू मला आजही आठवतं. ती आमच्यासमोर बसलेली असायची आणि आमच्यातून उठून चाललेली असायची. शाळा सुटणार होती हे एक झालं, पण आम्हाला वाटायला लागलं की आई पण सुटणार.

बाबा तहसील कचेरीत कारकून. कुठल्याही दुःखावर ताबडतोब काहीतरी विकत आणायचं हा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले, "पोपट आणू. घरात काहीतरी बोलतं पाहिजे." मी ओरडून, हातवारे करून हे आईला सांगितलं. आई किती तरी दिवसांनी चिडली, आणि तिला चिडलेलं बघून मला केवढा आनंद झाला!

"बोलतं कशाला? आहेत तेवढे बोलणारे पुरेत. मासे आणा. त्यांना तरी माझ्याशी ओरडून बोलावं लागणार न्हाय."

बाबांच्या डोळ्यांसमोर कपाटावर ठेवायची काचेची पेटी. आईने मान हलवली. तिच्या माहेरी तानसा नदी. लहानपणी धुणं धुताना पाय पाण्यात सोडले की बारके मासे येऊन टाचा टोचायचे, ते तिला हवं होतं. काठावर बसता आलं पाहिजे, वर आभाळ पाहिजे. आता अंगणात तळं खणायचं म्हणजे पंचाईत, कारण पावसात आमच्या गल्लीचं गटार पाहुण्यासारखं घरात यायचं आणि त्यात सूत रंगवणाऱ्या रंगखात्याचं निळं-जांभळं पाणी. खड्ड्यातले मासे पहिल्याच पावसात रंगून मेले असते. तेव्हा तळं जमिनीच्या वर बांधायचं ठरलं, विटांचं, मांडीइतकं उंच, काठ चांगला रुंद.

गवंडी आला. विटांचे रोडे टाकून जमीन ठोकली, वर सिमेंटचा थर. मग विटा. बाबांनी तिथे डोकं लढवलं. "तीन बाजू बांधा. चौथीला कारखान्याची भिंत आहेच की! फुकट." गवंड्याला काय, त्याने तीन बाजू बांधल्या. आतून गुळगुळीत घोटाई केली. तळाशी पाणी सोडायला भोक ठेवलं, त्याला बूच म्हणून हमीदाखालाने कारखान्यातली एक लाकडी कांडी दिली, जिच्यावर सूत गुंडाळतात ती. कांडीला फडकं गुंडाळून ठोकली, घट्ट बसली. प्लास्टर वाळलं तसं नळाला पाणी असताना मी आणि आईने बादल्या ओतल्या. बाबा कडेला उभे राहून "अजून, अजून" म्हणत होते, जसा काही आम्हाला अंदाज नव्हता.

भरून झालं. आम्ही तिघं काठाशी उभे राहिलो पाणी ठरायची वाट बघत. पाणी ठरेना.

वारा नव्हता. तुळशीचं पान हलत नव्हतं. पण पाण्यावर बारीक, अगदी बारीक काटा. थंडीत दंडावर येतो तसा. भिंतीकडून रेघा निघायच्या, एकीमागे एक, इतक्या जवळजवळ की मोजता येऊ नयेत, आणि समोरच्या काठावर आपटून परत फिरणाऱ्या रेघांतून आरपार जायच्या. बाबांनी भिंतीवर तळवा टेकला आणि झटक्यात काढून घेतला. मग मी टेकला. भिंत जिवंत होती. मी धावत स्वयंपाकघरात गेले, ओट्याला हात लावला, तोही थरथरत होता. खाटेचा लोखंडी पाय, दाराची चौकट, देवांची फळी, सगळं. जन्मल्यापासून मी या घरात राहत होते आणि घर थरथरतंय हे मला त्या दिवशी कळलं. कानाला आवाज सवयीचा झाला होता हे ठाऊक होतं, पण हाडं पण सरावली होती हे कुठे ठाऊक होतं! मी परत आले तर आई काठावर बसलेली. तिने एक बोट पाण्याच्या अगदी वर धरलं होतं, न टेकवता, आणि ती त्या रेघा बघत होती.

हमीदाखालाचे यजमान, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, ते मुद्दाम बघायला आले. धिप्पाड देहाचा माणूस, कधी कशाने गडबडला नाही. ते पाण्याकडे बघत राहिले. "ये हमारे लूम का है?" त्यांनी हळूच विचारलं. मग ओशाळून मराठीत म्हणाले, "आमच्यामुळे तुमचं घर येवढं हादरतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं, भाऊसाहेब." बाबा म्हणाले, "अहो, आम्हाला राहून ठाऊक नव्हतं."

बाबांना दम कसला. दुसऱ्याच दिवशी ठाण्याहून सोनेरी माशांची जोडी आणली, पाण्याने फुगवलेल्या पिशवीतून, एसटीत मांडीवर घेऊन. सोडले. काय ती शेपटी, जशी नऊवारीचा घोळ! सकाळी दोघं उताणे तरंगत होते.

आईने ते ओंजळीत उचलले, तुळशीच्या पलीकडे माती उकरून ठेवले. बाबांचा चेहरा पडला. "थरथरीनेच मेले. माझंच चुकलं, चार विटा वाचवायला गेलो. फोडूनच टाकतो ते." संध्याकाळी ते खरंच पहार घेऊन आले. आई काठावर बसली होती. ती उठली नाही. बाबांनी ओरडून सांगितलं, हाताने सांगितलं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "कळलं मला. हात लावायचा न्हाय. ज्या पाण्याकडे बघून मला जरा बरं वाटतंय ते फोडायला निघालात व्हय?" बाबांनी पहार भिंतीला टेकवली.

हे सगळं हमीदाखाला भिंतीवरून बघत होती. तिला कारखान्याच्या जिन्यावर उभं राहून आमच्या अंगणात डोकावायची सवयच होती, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे. ती मुळात खाडीपलीकडच्या गावची, बोली आमच्या मामाच्या बोलीसारखीच.

"अगो वैनी!" तिने हाक मारली आणि आईने वर बघितल्यावरच पुढे बोलली. आईने बघितल्याशिवाय बोलायचं नाही हे तिने कोणी न सांगता ओळखलं होतं. "थरथर बिरथर काय न्हाय. टाकी नवी हाय तुझी, शिमिटाचा चुना सुटतोय पान्यात. आमच्या गावच्या मशिदीचा हौज बांधला ना, तवा अब्बांनी केळीचे खांब चिरून टाकले व्हते आत. पानी काळं झालं की सोडायचं, फिरून भरायचं. मग मासं टाकायचे."

हौज म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायचं पाणी. त्यात मासे ठेवायचे, डास होत नाहीत. मला हे नवीनच होतं. बाबा म्हणाले, "आधी नाही का सांगायचं, भाभी?" खाला म्हणाली, "तुमी इचारलंत कुनाला? तुमी तर नुसत्या इटा मोजत व्हता." बाबांना हसावंच लागलं.

नवरात्र होऊन गेलेलं, पूजांचे केळीचे खांब गावभर टाकून दिलेले. मी आणि माझी मैत्रीण ओढत ओढत घेऊन आलो. आईने कोयत्याने चकत्या केल्या. केळीच्या चिकाने तिची बोटं काळी झाली. पाणी आधी पिवळं, मग तपकिरी, मग चहाच्या चोथ्यासारखं. वास असा की बाबा नाकाला रुमाल लावून फिरायचे. कांडी ओढायची, पाणी सोडायचं, घासायचं, परत बादल्या. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. आई दिवसच्या दिवस त्यातच. रांगोळी मी काढली, करंज्या मी लाटल्या, त्या तळताना फुटल्या, आईने त्याही बघितल्या नाहीत. पण जेवायला बसली की ती विचारायची, "आज पाणी जरा निवळलंय ना?" आणि आमच्या ओठांकडे बघून उत्तराची वाट बघायची. तेवढं एक "ना?" ऐकायला आम्ही थांबलेलो असायचो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही तळ्याच्या तिन्ही काठांवर पणत्या लावल्या. माग चालूच होते, भिवंडीत लक्ष्मीला आवाजाचं वावडं नव्हतं. ज्योती काठावर स्थिर आणि पाण्यात त्यांचे तुकडे तुकडे, शेकडो, एका जागी नाचणारे. खाला जिन्यावर उभी होती, तिच्या मुली होत्या, पाळी सुटलेले दोन-तीन कारीगरही मान उंचावून बघत होते. कारखान्याची सगळी धडधड पाण्यात उजेड होऊन दिसत होती. मी पुढे पुष्कळ दिवाळ्या पाहिल्या, लेझरच्या आणि कसल्या कसल्या, पण तशी नाही.

भाऊबीजेला मामा आला. त्याने ओल्या गोणपाटातून गावच्या तळ्यातला कमळाचा गड्डा आणला होता. आणि त्याच आठवड्यात खालाच्या भावाने दुधाच्या कॅनमधून हौजातले मासे आणले. बोटाएवढे, काळपट, अगदीच साधे. मी तोंड वाकडं केलं. खाला म्हणाली, "माज्या म्हायेरचे हायत, नावं ठेवू नको." आईने कॅन तिरका केला. मासे पाण्यात गेले, तळाशी बसले, आणि जरा वेळाने एकदम वळले. उन्हात त्यांच्या पाठींवरून हिरवट सोनेरी झाक गेली. आई "अगं बाई!" म्हणाली. सकाळी उठून आम्ही तिघं धावत गेलो. एकही तरंगत नव्हता. थरथरत्या पाण्यात ते असे आरामात फिरत होते, जसे काही याच गल्लीत जन्मले.

मग आला शुक्रवार.

सकाळी मी आणि बाबा आत चहा पीत होतो. रेडिओ मोठ्याने लावलेला, कारण तो तसाच लावायचा असतो. आई मागे तळ्यावर. आमचं लक्ष नव्हतं. आई आत आली, पदराला हात पुसत. तिने रेडिओ बंद केला, आमच्या समोर बसली आणि म्हणाली,

"आता माझ्याशी मोठ्याने बोला. माग थांबलेत."

आम्ही दोघंही कान देऊन बसलो. खरंच थांबले होते. रेडिओच्या नादात आम्हाला, दोन-दोन धडधाकट कानांच्या माणसांना, पत्ता नव्हता. आणि ती आम्हाला सांगत होती.

"तुला कसं कळलं?" बाबांनी विचारलं, पण शुक्रवारच्या सवयीने हळूच. आईने भुवया उंचावल्या. "मोठ्याने म्हटलं ना?" बाबा ओरडले, "तुला कसं कळलं?" शेजारच्या घरातून कोणीतरी "काय झालं हो?" विचारलं.

ती आम्हाला मागे घेऊन गेली. पाणी काचेसारखं पडलं होतं. आभाळ त्यात, कौलं त्यात, आमची तीन तोंडं त्यात. मी त्या तळ्यात आमची तोंडं पहिल्यांदाच पाहत होते. मासे मात्र कुठेच दिसेनात. सगळे कमळाच्या पानाखाली एकमेकांना चिकटून दडलेले.

"घाबरलेत," आई म्हणाली. "आज सकाळपर्यंत होतं ते एकाएकी गेलं म्हणून. त्यांनाही शुक्रवार सोसत न्हाय." मग पाण्याकडे बघत म्हणाली, "मलाही शुक्रवारची भीती वाटते. बरीच वर्षं वाटतेय. तुम्ही सगळे एकदम दूर जाता. मला वाटायचं मीच काहीतरी केलं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही."

आम्हाला वाटत होतं ती बोलत नाही. तिला वाटत होतं आम्ही बोलत नाही. आणि मध्ये बिचारं पित्त. बाबांचे डोळे भरून आले, ते "कापसाचा भुरा गेला" म्हणाले. मी तिच्या अंगावर पडून रडले, चांगली भोकाड पसरून, कारण हळू रडून उपयोग नव्हता.

सुट्टी संपली आणि आई शाळेत गेली. गेली ती सरळ मोठ्या बाईंकडे, आणि जे लपवून लपवून दमली होती ते सगळं सांगून टाकलं. मग वर्गात जाऊन पोरांना सांगितलं, "एरवी कसंही बोला, शुक्रवारी माझ्याशी ओरडून बोलायचं. माझ्यासमोर येऊन, तोंड दाखवून." पहिलीच्या पोरांना बाईंनी ओरडायला सांगितलं! त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. पुढे कितीतरी वर्षं शुक्रवारी आमच्या शाळेच्या त्या खोलीतून असा गलका यायचा की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायचे. पोरं मोठी झाली, दुकानं टाकली, मागांवर लागली, पण बाजारात आई दिसली आणि शुक्रवार असला की समोर येऊन ओरडायची, "बाई, कशा आहात?"

तळ्याने आईला पुष्कळ शिकवलं. कुठल्या बाजूचे माग बंद आहेत, बाहेरून ट्रक गेला की काय, वीज गेली का, ती पाण्याकडे बघून सांगायची. मासे एकदम एका बाजूला पळाले की मागे न वळता विचारायची, "कोण आलंय?" मी दबक्या पावलांनी जाऊन पाहिलं, तरी पकडली जायचे. मला तेव्हा वाटायचं की आमच्या गल्लीत सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते आईलाच. अजूनही वाटतं.

माझं लग्न झालं, मी ठाण्याला आले. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आईचे कान तोवर पुरते गेले होते, माग चालू असोत नाहीतर बंद. पण ओठ वाचायची ती इतकी सराईत की माझ्या नवऱ्याला कित्येक महिने कळलंच नव्हतं. कशेळीचा पूल ओलांडून माहेरी जाताना दर वेळी दोन्ही बाजूंची शेतं कमी आणि गोदामं जास्त दिसायची. मागांचे दिवसही फिरले होते. कुठे अर्धी शेड चाले, कुठे शेडला कुलूप. एका ऑक्टोबरात मी आले ती मंगळवारी, आणि गल्लीत शिरले तर माझी चाहूल मलाच ऐकू आली.

"कधी?" मी आईला विचारलं.

"झाले पंधरा दिवस. सकाळी पाणी भरायला गेले आणि बघते तर पाणी गप्प. वार बघितला तर सोमवार. तेव्हाच समजले. हमीदाभाभीकडे गेले, ती जिन्यात बसली होती. मीच तिला म्हटलं, थांबले ना गं? तिने नुसती मान हलवली. लिलावात भंगाराच्या भावाने गेले सगळे माग."

मी तळ्याकडे गेले. काचेसारखं पाणी, वर कमळाची दोन फुलं, आणि मासे पानाखाली. पंधरा दिवस झाले तरी पानाखाली. त्या माशांच्या किती पिढ्या झाल्या, पण शांतता एकीनेही पाहिली नव्हती एका दिवसापेक्षा जास्त.

आई लाटणं घेऊन आली. काठावर बसली, आणि कारखान्याच्या भिंतीवर लाटणं ठोकायला लागली. खटाखट, खटाखट. बरोबर त्याच ठेक्यात! जो आवाज तिने किती तरी वर्षांत ऐकला नव्हता, तो तिच्या मनगटात जसाच्या तसा होता. पाण्यावर काटा आला. रेघा निघाल्या, समोरच्या काठाला लागून परत फिरल्या. आणि पानाखालून एक काळपट पाठ बाहेर आली, मग दुसरी, मग सगळे.

"रोज करते," आई म्हणाली. "त्यांना वाटू नये ना, की आपल्याशी कोणी बोलत न्हाय."

आईने लाटणं खाली ठेवलं. पाणी हळूहळू निवळत गेलं, रेघा विरल्या, आमची तोंडं दिसायला लागली. मी उठणार एवढ्यात पाण्यावर परत काटा आला.

आईचे हात मांडीवर होते. लाटणं काठावर होतं. भिंतीकडून रेघा येत होत्या, ठोक, ठोक, जरा थांबून ठोक. रिकाम्या शेडमध्ये भिंतीच्या पलीकडे उभं राहून कोणीतरी भिंत वाजवत होतं. मला तो आवाज ऐकू येत होता. आईला तो दिसत होता, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला माझी आठवीतली आई दिसली.

"भाभी आहे," ती मला म्हणाली. "चहाला बोलावतेय. रोज याच वेळेला."

मग भिंतीकडे तोंड करून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "आले गो, आले!" आणि पदर खोचून लगबगीने निघाली.